रायसा आजींच्या स्टुलाचे गाऱ्हाणे

या मित्रांनो, जवळ या, माझी हकिगत ऐका. पण जमिनीवर बसा, माझ्यावर नको. माझा चौथा पाय निखळला आहे आणि सगळी कथा त्या पायाचीच आहे.

मी रशियातल्या पर्म शहरातल्या एका स्वयंपाकघरातला जुना लाकडी स्टूल. या घरच्या मुलाने, रोदिऑनने, मला शाळेत, सुतारकामाच्या तासाला घडवले. तीन पाय नीट बसले. चौथ्याला सरस लावतानाच घंटा झाली आणि तो पळाला. तरी त्याच्या आईने, रायसा इग्नात्येव्हना यांनी, मला साऱ्या शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवले. नववर्षाच्या मेजवानीला रोदिऑन माझ्यावर उभा राहून कविता म्हणे. आमच्याकडे मूल स्टुलावर चढल्याशिवाय कवितेला चव येत नाही.

पुढे रोदिऑन इंग्लंडात लीड्सला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या मुलीला, एल्सीला, 'बाबुश्का' म्हणजे आजी, यापलीकडे रशियनचा गंध नाही. दर रविवारी फोनच्या पडद्यावर आजी-नात एकमेकींना हात हलवून दाखवत, की झाली भेट.

"हात काय, स्टेशनमास्तरही हलवतो," रायसा आजी एकदा फणकारल्या, आणि नातीशी बोलायचेच असे ठरवून इंग्रजी शिकायला बसल्या. बसल्या कुठे? माझ्यावर.

शिकवायला शेजारचे वादिम साव्हेल्येविच, निवृत्त मास्तर.

"वाक्प्रचारांशिवाय भाषा म्हणजे बिनमिठाचा बोर्श, रायसा इग्नात्येव्हना," ते पिरोगचा घास घेत म्हणत. "आपण माशीचा हत्ती करतो, इंग्रज चिचुंद्रीनं उकरलेल्या मातीच्या ढिगाचा डोंगर करतो. न होणारी गोष्ट आपल्याकडे होते खेकड्यानं डोंगरावर शिट्टी वाजवली की. त्यांच्याकडे डुक्कर उडालं की."

"मग मला इंग्रजी कधी येणार? खेकड्याच्या मुहूर्तावर की डुकराच्या?"

"तुम्ही आधी क्रियापदं पाठ करा."

त्या क्रियापदांनी मात्र आम्हा दोघांचा जीव घेतला. 'लुक' म्हणजे बघणे. त्याला एक चिमुकले शेपूट जोडले की शोधणे, दुसरे जोडले की सांभाळणे, तिसरे जोडले की मान देणे. रशियन क्रियापद अर्थ बदलायला डोक्यावर टोपी घालते, इंग्रजी क्रियापद शेपूट लावते. आजी सवयीने टोपी शोधत आणि शेपूट विसरत. विसरल्या की चिडून माझ्यावर पुढेमागे झुलत. कर्र, कर्र.

"स्टूल कुरकुरतोय," मास्तर म्हणत.

"कुरकुरू दे. त्याला कुठे पाठांतर आहे?"

शेपटांची काळजी साऱ्यांना, माझ्या पायाची कोणालाच नाही. एक बोटभर सरस, मित्रांनो, यापलीकडे मी काय मागत होतो?

दोन हिवाळे असे गेले. मग नववर्षाला रोदिऑन एल्सीला घेऊन आला. आजींनी दारातच तिला उडते डुक्कर आणि चिचुंद्रीचा डोंगर एका दमात ऐकवले. मुलगी बापाच्या कोटामागे लपली.

"आई, असं आता तिकडेही कोणी बोलत नाही गं," रोदिऑन म्हणाला.

 जेवताना आजींनी नातीला सॅलड वाढले ते एका शब्दावाचून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे ओझे वाहिले ते याचसाठी?

जेवणानंतर रोदिऑनने मला मधोमध ठेवले आणि एल्सीला म्हणाला, चढ, काहीतरी म्हणून दाखव. तिने मान हलवली.

"सोड तिला," आजी म्हणाल्या. "मी चढते."

"आई, गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यांना इंग्रजी येत नाही. मला येतं."

मेजवानीला आलेल्या मास्तरांनी त्यांचे कोपर धरले. आजी माझ्यावर उभ्या राहिल्या, कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीकडे बघून त्यांनी छातीवर क्रूस रेखला, आणि ती क्रियापदेच कवितेसारखी म्हणायला लागल्या. माझा चौथा पाय सरकू लागला. मी म्हटले, दीनदयाळा, हिचे पुरे होईतो मला धरून ठेव.

'लुक' आले. शोधणे झाले. पुढे आजी अडल्या.

"लुक..."

मास्तरांचे ओठ हलले. आजींनी हाताने त्यांना गप्प केले.

"लुक..."

खोलीत सारे खाली बघू लागले. आजी तशाच उभ्या.

"आफ्टर," बापाच्या पाठीमागून आवाज आला. "लुक आफ्टर, बाबुश्का."

सांभाळणे. एल्सी पुढे आली. मग आजींनी धड म्हणायचे आणि नातीने शेपूट जोडायचे, असे चालले. शेवटच्या शेपटाला माझा पाय निसटला. रोदिऑनने आईला वरच्यावर झेलले. आजी-नात एकमेकींना धरून हसत होत्या. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

"उद्या सरस लावतो," रोदिऑन म्हणाला, आणि विमानात बसून गेला.

आता मी बाल्कनीत, भिंतीला टेकून. आत प्लास्टिकचा नवा स्टूल आला आहे. रविवारचा फोन लांबतो, आजींचा चहा गार होतो. काचेतून मला सगळे ऐकू येते. खोटे कशाला बोलू, मी अजून रागावलेलाच आहे.

म्हणून सांगतो, घरात काही कुरकुरत असेल तर वेळीच सरस लावा. आणि कधी परक्या भाषेत, चार माणसांत, तुमचा शब्द अडलाच, तर आमच्या रायसा आजींची आठवण काढा. त्या विसरल्या होत्या, पण खाली उतरल्या नव्हत्या.