भुरीची वहिवाट

राहात्याच्या ओंकारनं आयुष्यात कधी घोड्याला हात लावला नव्हता. चुलतभावाच्या वरातीत घोडा जरा जवळून गेला, तेव्हा तो डीजेच्या टेम्पोआड जाऊन उभा राहिला होता. तरीही त्रेसष्ट घोडे त्याच्या हुकमात होते.

हे घोडे मोबाईलवर होते. ओंकारनं टेलिग्रामवर 'अश्वभूमी' नावाचा ग्रुप काढला होता. ज्याला खेळायचं त्यानं एक घोडा व्हायचं, त्याला नाव द्यायचं आणि आपला घोडा आज काय करतो ते रोज लिहायचं. कुणी डोंगरावरून उधळायचं, कुणी शिंगराला पाणी पाजायचं, कुणी दुसऱ्या घोड्याशी झुंजायचं. कॉलेजच्या मुली, एक-दोन शिक्षक, नाशिककडचा एक फार्मासिस्ट, अशी माणसं होती. सुरुवातीला सगळे मजेत उधळत होते.

मग ओंकारनं नियम केले.

ओंकार इंजिनिअर झाला होता आणि चौथं वर्ष स्पर्धा परीक्षा देत होता. घरी पेरूची बाग होती, ती चुलते बघत. वडील काकासाहेब महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळं घरात दोनच गोष्टींचा अभ्यास चाले, कायद्याचा आणि पेरूच्या भावाचा. ओंकारनं कायदा उचलला. अश्वभूमीचे त्यानं पाच प्रदेश पाडले, प्रत्येकाचं ग्रुपवर वेगळं पान. हिरवं कुरण, नदीकाठ, दगडी घाट, काळं रान आणि पांढरा माळ. प्रत्येक प्रदेशाला एक नायक. मग त्यानं एक्केचाळीस कलमांची नियमावली ग्रुपवर चिकटवली.

तिच्यात सगळं होतं. दुसऱ्याच्या प्रदेशात पाय ठेवण्याआधी सूचना द्यायची. न देता शिरलेल्या घोड्याला तिथला नायक पकडू शकेल. पकडल्यावर अठ्ठेचाळीस तासांत साठ शब्दांचा सुटकेचा मजकूर लिहिला नाही, तर तो घोडा एकवीस दिवस कैदी. कैद्यानं रोज नायकाच्याच प्रदेशात एक मजकूर लिहायचा, बाहेर एक अक्षर नाही. एक दिवस चुकला तर कैद दोन दिवसांनी वाढणार. नायकपद फक्त घोड्यालाच मिळेल. आणि वाद झालाच तर अपिलीय अधिकारी म्हणून काकासाहेबांचा निर्णय अंतिम. हे काकासाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

हिरव्या कुरणाचा नायक ओंकार स्वतःच होता. त्याच्या घोड्याचं नाव होतं सम्राट रुद्रवेग.

"नायकपद फक्त घोड्याला म्हणजे?" दिशानं विचारलं. दिशा श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि ग्रुपची दुसरी ॲडमिन होती. "अरे, रानातला कळप घोडीच चालवते. मी वाचलंय."

"निसर्गात नराचंच राज्य असतं," ओंकार म्हणाला. "पुढच्या दुरुस्तीत विचार करू."

पुढची दुरुस्ती झाली. तिच्यात मजकुराच्या शेवटी पूर्णविराम सक्तीचा झाला.

डिसेंबरात ग्रुपवर एक भुरी घोडी आली. ती लिहिणाऱ्या मुलीचं नाव पंकजा. ती बोलून टाईप करायची आणि बोलते तसंच लिहायची. पहिलाच मजकूर असा होता: 'भुरीला तान लागली. वारं खालच्या अंगानं आलं, त्यात पान्याचा वास हुता. ती तशीच निघाली. पाय दुखत हुते पन पान्याम्होरं पाय आठवत न्हाईत.'

लोकांनी तो मजकूर तीन-चारदा वाचला. ओंकारनंही वाचला. त्याला एवढंच दिसलं की मजकूर हिरव्या कुरणाच्या पानावर आहे, म्हणजे भुरी तिथं शिरली, आणि सूचना न देता शिरली.

'सम्राट रुद्रवेगाने घुसखोर घोडीस जेरबंद केले आहे,' त्यानं लिहिलं. 'कलम पाच पाहावे.'

पंकजाचं उत्तर आलंच नाही. अठ्ठेचाळीस तास झाले, साठ झाले, पंच्याहत्तर झाले. ओंकारनं भुरीला रीतसर कैदी घोषित केलं. त्या दिवशी त्यानं जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

उत्तर न यायचं कारण साधं होतं. पंकजा पाथर्डी तालुक्यातली. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला या भागात आली होती. त्या तीन दिवसांत त्यांची टोळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलली. राहायची पाचटाची कोपी मोडायची, नवी उभी करायची, त्यात मोबाईलला रेंज नव्हती. रेंज आली तेव्हा तिला कळलं की आपली घोडी तुरुंगात आहे.

तिनं दिशाला मेसेज केला. "ताई, आता काय करायचं असतं?"

"रोज एक मजकूर, फक्त हिरव्या कुरणात," दिशानं सांगितलं. "एकवीस दिवस. मी ओंकारशी बोलते हवं तर."

"नगा बोलू. रोज तर लिवायचंच हाय. कुरनात तर कुरनात."

पंकजा रोज दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून झाली की तिच्या सावलीला बसून भुरीचं लिहायची. गावी तिच्या मामाची एक घोडी होती, लग्नाच्या वरातीला जायची. लहानपणापासून तिचा चारापाणी पंकजाकडं. त्यामुळं भुरी कधी सम्राटासारखी गर्जना करायची नाही. भुरी कान मागं पाडायची. खुरात खडा अडकला म्हणून दिवसभर एक पाय उचलून उभी राहायची. झाडाला पाठ घासायची आणि घासता घासता झाड कुठलं होतं ते विसरायची. एक दिवस तर तिनं नुसतं खाल्लं. पूर्ण मजकुरात भुरी फक्त गवत खात होती, आणि ग्रुपवर पन्नास जणांनी बदामाचे इमोजी पाठवले.

इकडं ओंकारची पूर्वपरीक्षा बारा दिवसांवर आली. त्याच्या आईनं त्याचा मोबाईल काढून घेतला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. सम्राट रुद्रवेग एकाएकी मुका झाला.

नायक नाही म्हटल्यावर हिरव्या कुरणाचा दरवाजा उघडाच पडला. आधी नाशिकचा फार्मासिस्ट सूचना न देता शिरला. मग दोन शिंगरं आली. मग काळ्या रानाचा नायकच आपलं रान टाकून आला आणि भुरीच्या बाजूला उभा राहिला. आठवड्यात अकरा घोडे तिथं जमले. त्यांना पकडायला कुणी नव्हतं. ते भुरीबरोबर माशा वारत बसले.

परीक्षा झाली. बरी झाली नाही. ओंकारला कपाटातून मोबाईल मिळाला, त्यानं तो उघडला आणि पहिला मेसेज दिसला तो दिशाचा.

'आज भुरीला कैदेत एकवीस दिवस पूर्ण झाले. एकही दिवस चुकला नाही. कलम चौदाप्रमाणे हिरवं कुरण आता तिच्या नावावर करावं.'

कलम चौदा ओंकारचंच होतं. वडिलांच्या जुन्या पुस्तकांतला एक शब्द त्याला फार भारी वाटला होता, वहिवाट. जो घोडा एका प्रदेशात सलग एकवीस दिवस रोज लिहील, त्याची तिथली वहिवाट सिद्ध होईल. आणि त्या काळात नायक सात दिवस गैरहजर राहिला, तर प्रदेश वहिवाटदाराच्या नावावर होईल. रिकामा वेळ आपल्याइतका कुणाकडंच नाही, तेव्हा सगळे प्रदेश हळूहळू आपलेच होतील, असा त्याचा हिशेब होता.

त्यानं ताबडतोब कलम चौदाखाली एक ओळ घातली: 'मात्र कैदी घोड्यास हे कलम लागू नाही. दिनांक १ ऑक्टोबरपासून अंमल.' पण टेलिग्रामनं मजकुराच्या कोपऱ्यात तो नुकताच बदलल्याची खूण दाखवली. ती त्रेसष्ट जणांनी पाहिली. हसण्याचे इमोजी मोजता येईनात.

"ठीक आहे," ओंकारनं लिहिलं. "अपील करा. अपिलीय अधिकारी निर्णय देतील." आपल्या घरातलं अपील आपल्या बाजूनंच लागणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

दोन दिवसांनी कारखान्यात काही बिघाड झाला आणि तोड एक दिवस बंद राहिली. दिशा स्कूटरवर पंकजाला घेऊन दुपारी राहात्याला आली.

काकासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्यांच्यापुढं पहिलंच प्रकरण आलं होतं. त्यांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. नियमावलीची प्रिंट त्यांनी दोनदा वाचून लाल पेननं खुणा केल्या होत्या.

ओंकारच्या आईनं पाणी आणलं. "या, बसा. तुम्ही कुठल्या?"

"पाथर्डी तालुका. सध्या हितंच कोपीवर हाय," पंकजा म्हणाली.

"तोडीला?"

"व्हय."

"बरं. बस तू तिकडं," आई म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला तिला ग्लास खाली ठेवण्याएवढाही वेळ लागला नाही.

ओंकार पंकजाकडं बघतच राहिला. "तू ऊस तोडतेस? आणि एवढं छान लिहितेस?"

"तुमी काय करता दादा?" पंकजानं विचारलं.

"मी... अभ्यास करतो."

"मंग तरी असं लिवता?"

दिशानं तोंडाला ओढणी लावली. काकासाहेबांनी घसा साफ केला. "कामाला लागू. ओंकार, तुझं म्हणणं मांड."

ओंकारनं उभं राहून म्हणणं मांडलं. पहिलं, कैद्याची वहिवाट ही वहिवाटच नव्हे, कारण तो तिथं मर्जीनं राहत नाही. दुसरं, नायकपद फक्त घोड्याला आहे आणि भुरी घोडी आहे. हे सांगताना त्यानं कलम नऊवर बोट ठेवलं.

"बाई, तुमचं म्हणणं?" काकासाहेबांनी पंकजाला विचारलं. ओट्यावर तिला 'तुम्ही' म्हणणारे तेवढेच होते.

"माजं काय म्हननं न्हाई काका. मला सांगितलं हितंच लिव, मी हितंच लिवलं. भाईर जायाची बंदी ह्यांनीच घातली."

काकासाहेबांनी पानं मागं-पुढं केली. कानावर चष्मा नीट बसवला.

"कलम चौदा. 'सलग एकवीस दिवस रोज लिहील.' मर्जीनं लिहील असं कुठं लिहिलंय? नाही. नायक तेरा दिवस गैरहजर. कारण?"

"परीक्षा होती," ओंकार म्हणाला.

"लेखी अर्ज दिला होता?"

"मोबाईल आईकडं होता!"

"अर्ज नाही," काकासाहेबांनी पुटपुटत लिहून घेतलं. "आता कलम नऊ. आधी कलम एक वाच. मोठ्यानं."

ओंकारनं कलम एक उघडलं. ते त्यानं काकासाहेबांच्याच कपाटातल्या कुठल्याशा अधिनियमावरून उतरवलं होतं, नियमावली भारदस्त दिसावी म्हणून. तो वाचू लागला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. "या नियमांत 'घोडा' या शब्दात... घोडी व शिंगरू यांचाही समावेश होतो."

"म्हणजे कायद्यानं ही घोडी घोडाच आहे," काकासाहेब म्हणाले. "वहिवाट सिद्ध. हिरवं कुरण भुरीच्या नावे. सही कर इथं."

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"तेही लिहिलंय का नियमात कुठं?"

पंकजाला हसू आवरेना. जाताना आईनं तिला चार पेरू दिले. दिशालाही दिले, पण तिला पिशवीत घालून.

त्या दोघी स्कूटरवरून गल्लीच्या वळणावर गेल्या असतील-नसतील, तेवढ्यात ओंकारनं मोबाईल काढला आणि पंकजाला ग्रुपमधून काढून टाकलं. एक बोट लावायचा अवकाश होता. एक्केचाळीस कलमं, एक अपील, एक सही, कशाचीही गरज पडली नाही. मग त्यानं लिहिलं, 'प्रशासकीय कारणास्तव.'

दिशानं श्रीरामपूरला पोचल्यावर ते पाहिलं. तिनं भांडण केलं नाही. ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि नवा ग्रुप काढला. शनिवारपर्यंत अठ्ठेचाळीस जण तिकडं गेले. उरलेले बहुतेक असे होते, ज्यांनी ग्रुप म्यूट केला होता आणि आपण कुठल्या ग्रुपात आहोत हे त्यांना आठवत नव्हतं.

सम्राट रुद्रवेगाकडं आता पाचही प्रदेश होते. ओंकारनं आठवडाभर इमानदारीनं गस्त घातली. दगडी घाटावर गर्जना केली, नदीकाठी टाप आपटली. कुणी दोन शब्दांचंही उत्तर दिलं नाही. दहाव्या दिवशी त्यानं स्वतःलाच नदीकाठी सूचना न देता शिरल्याबद्दल नोटीस काढली आणि मग ती पुसून टाकली.

मार्चमध्ये तोड संपली, पंकजा गावी गेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या ग्रुपवर 'शांत अश्व' नावाचा एक घोडा आला. त्याचा पहिला मजकूर असा होता: '१. मी आलो आहे. २. माझा हेतू चांगला आहे. ३. प्रवेशाची सूचना द्यायची राहिली, क्षमस्व.'

दिशानं पंकजाला फोन लावला. "हा तोच आहे. काढू?"

"ऱ्हाऊ द्या की ताई. कुनाचं काय खातोय?"

शांत अश्व तीन दिवस एकाच जागी उभा राहिला. त्याच्या बाजूनं घोडे गेले, शिंगरं गेली, एक म्हातारी घोडी त्याच्या अंगावर शिंकून गेली. त्याला कुणी हटकलं नाही. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

'मला कुणी पकडणार नाही का?' त्यानं विचारलं.

'कशाला?' पंकजानं लिहिलं. 'चरा.'

ओंकारनं बराच विचार केला. पेरूच्या झाडाखाली बसून त्यानं जन्मातला पहिला साधा मजकूर लिहिला. त्यात झुंज नव्हती, कलम नव्हतं. शांत अश्व पोटभर चरला, मग सावलीत पाय दुमडून बसला आणि डोळे मिटून संथपणे रवंथ करू लागला. ओंकारला तो मजकूर मनापासून आवडला. त्यानं पाठवून दिला आणि बदामांची वाट बघत बसला.

पंकजाचं उत्तर आलं. 'दादा, रवंथ गाय करती. घोडा न्हाई.'

'मग घोडा खाऊन झाल्यावर काय करतो?'

'उबा ऱ्हातो. शेपटीनं माशा वारतो. उब्या उब्याच एक डुलकी काढतो. तुमी बी जरा गप उबं ऱ्हा, मंग सुचंल.'