पाच वाजताचं शून्य

मित्रांनो, वीतभर लांबीची, सागवानी आणि आता बरीच जुनी झालेली अशी मी एक पट्टी आहे. पट्टी म्हटलं की तुम्हाला दप्तरातली आठवेल. पण मला धरून कुणी कधी रेघ ओढली नाही, आणि देवाच्या दयेनं कुणाच्या तळहातावरही मी बसले नाही. मी माणसाचं दुखणं मोजते. हसू नका. माझ्या जन्माच्या दिवशी खुद्द मला घडवणारेही असेच हसले होते.

ते गडमुडशिंगीचे केरबा सुतार. एका कीर्तनाच्या मंडळासाठी त्यांनी चिपळ्या केल्या होत्या आणि त्यातला सागवानाचा एक तुकडा उरला होता. तोच तुकडा मी. त्या दिवशी कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर रोहिणी त्यांच्याकडे आल्या. रोहिणीताई भूल देण्याचं शास्त्र शिकत होत्या. त्यांच्याजवळची प्लास्टिकची पट्टी नुसता हात लागला तरी घसरायची, म्हणून त्यांना लाकडाची हवी होती.

"दुखणं मोजायची पट्टी?" केरबांनी कानामागची पेन्सिल काढली. "बाई, दारं मोजली, खाटा मोजल्या, म्हशीचा गोठा मोजला. दुखणं काय फुटात असतंय का इंचात?"

"मिलिमीटरमध्ये, काका. बरोबर शंभर. एक कमी नको, एक जास्त नको."

मग माझ्या अंगात एक खाच कोरली गेली आणि खाचेत लाल मणी बसला. पुढच्या बाजूला डावीकडे एक शांत चेहरा, उजवीकडे डोळे घट्ट मिटलेला, तोंड वेडंवाकडं झालेला चेहरा. आकडा एकही नाही. आकडे सगळे माझ्या पाठीवर, शून्यापासून शंभरापर्यंत. रोग्यानं पुढून बघून मणी सारायचा, जेवढं दुखतं तेवढा उजवीकडे. डॉक्टरांनी मला उलटी करून आकडा वाचायचा.

केरबांनी मणी दहा वेळा सारून बघितला. "घट्टबी नको, सैलबी नको. माणसानं सारलं तेवढंच सरकलं पाहिजे. आपल्या मनानं हलली तर ती पट्टी न्हवं, पुढारी."

अशी मी दवाखान्यात आले. तिथं जे पाहिलं, त्यानं आजही माझ्या लाकडाला शहारा येतो.

गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं की भूल उतरते आणि दुखणं जागं होतं. ते दुखू नये म्हणून पायाच्या मज्जातंतूजवळ, जिथून वेदनेची वार्ता मेंदूकडे जाते तिथं, बधिर करणारं औषध देतात. या औषधाची दोन मिश्रणं होती. कुठलं जास्त वेळ टिकतं आणि पायाची ताकदही राखतं, हे रोहिणीताईंना शोधायचं होतं. सुया भरून यायच्या आणि त्यांच्यावर नुसतं 'अ' किंवा 'ब' लिहिलेलं असायचं. आत काय, ते भरणाऱ्या बाईंना ठाऊक. त्याची चिठ्ठी बंद पाकिटात आणि पाकिटं जयपाल सरांच्या कपाटात. जयपाल सर म्हणजे रोहिणीताईंचे गुरू. रोग्याला माहीत नाही, रोहिणीताईंनाही माहीत नाही! आपलं मन कुठल्याही बाजूला कलू नये म्हणून एवढ्या शिकलेल्या बाईनं स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची, याचं मला केवढं नवल वाटायचं. देवळात डोळे मिटून उभं राहणारी माणसं मी पुढं पाहिली. पण हेही मला तसंच वाटायचं.

"त्यातल्या त्यात चांगलं असंल ते घाला की," संमतीच्या कागदावर सही करण्याआधी रोगी म्हणायचे.

"तेच तर शोधतोय. आधीच कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? आणि नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, उपचारात फरक पडणार नाही."

पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी मणी नव्वदावर नेला. ओठ पांढरे पडले होते. औषध गेलं. अर्ध्या तासानं तोच हात आला आणि मणी बारावर! कपाळावरच्या आठ्या कुणी हातानं पुसाव्यात तशा गेल्या होत्या. गृहस्थ चहा मागत होते. मित्रांनो, एवढ्याशा सुईत काय भरलं असेल? शतकानुशतकं माणसं दातांत कापड धरून शस्त्र सोसत आली. आणि आता हा मनुष्य म्हणतोय, "साखर जरा जास्त टाका." मी त्या मण्याकडे बघतच राहिले.

आता ज्यांच्यासाठी ही गोष्ट सांगते, त्यांच्याकडे येते.

बिद्रीकडच्या एका खेड्यातून झुंबरबाई आल्या. वय पासष्ट, कपाळावर बुक्का, आवाज असा की वॉर्डाच्या दारापर्यंत जावा. त्या कीर्तनकार. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. त्यांच्या गावच्या राममंदिरात रामनवमीचं कीर्तन तीस वर्षं त्यांचंच, आणि ते उभं राहून. गेल्या रामनवमीला गुडघ्यानं दगा दिला आणि पूर्वरंगातच त्या कोसळल्या होत्या. म्हणून हे ऑपरेशन. पुढची रामनवमी चार महिन्यांवर आली होती.

"पाय वाकला पायजे आन् उभं ऱ्हायला आलं पायजे," त्यांनी रोहिणीताईंना बजावलं. "बाकी देवाचं देव बघंल."

"दुसऱ्या दिवसापासून व्यायाम नीट झाला तर येईल, आक्का. पण दुखत असेल तर पाय वाकणार नाही. म्हणून दुखणं लपवायचं नाही. मणी चाळीसच्या वर गेला की मी जादा औषध देते."

दिवसातून तीनदा मी खाटेशी जायची. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी झुंबरबाईंचा मणी तीसवर होता. पाच वाजले. भेटायला येणाऱ्यांचीही तीच वेळ. खाटेभोवती गावातली दहा-बारा माणसं उभी होती आणि सगळ्यांत पुढं त्यांच्या कीर्तनात पेटी वाजवणारे गणपतराव.

"आक्का, काय म्हणतोय गुडघा?"

"बरं हाय की. काय न्हाय झालं."

झुंबरबाईंच्या बोटानं मणी धरला. ते बोट ओलं आणि थंड होतं. त्या बोटानं मणी सरळ डावीकडे नेला, अगदी शांत चेहऱ्याला टेकवला. शून्य.

"बगा!" गणपतराव म्हणाले. "ह्याला म्हणत्यात नामाची ताकद."

रोहिणीताईंनी आकडा लिहिला. शून्य म्हणजे जादा औषध नाही. मी ओरडून सांगणार होते, पण मी पट्टी. माणसानं सारलं तेवढंच मला दाखवता येतं.

सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पाय हळूच वाकवायला घेतला आणि झुंबरबाईंनी खाटेची कड अशी धरली की खाट कुरकुरली. पाय चार बोटंही वाकला नाही.

शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरच्या सीताबाई होत्या. जैन घरच्या, दिवस मावळायच्या आत जेवायचं असल्यानं त्यांचा डबा पाचच्या ठोक्याला यायचा आणि त्या वेळी वॉर्डात काय चाललंय ते त्यांना सगळं दिसायचं.

"खोटं बोलतीया ही बया," सीताबाई बोलून गेल्या. "पावणं गेल्यावर उशी चावत पडली हुती. पाच वाजता म्हणं शून्य!"

"तुम्हाला कुणी विचारलं?" झुंबरबाई कडाडल्या.

"मला न्हाय विचारलं, तुला विचारलं. तू कुठं खरं सांगितलंस?"

आठचा आकडा घ्यायला आलेल्या रोहिणीताईंनी हे सगळं ऐकलं. सगळे कागद घेऊन त्या जयपाल सरांकडे गेल्या. मी त्यांच्या खिशात होते. सरांनी पानं चाळली. अकरा रोगी, आणि अकराही जणांचं दुखणं पाच वाजता जवळजवळ शून्य. कुणाचं सकाळी साठ, दुपारी पन्नास, आणि पाच वाजता दोन.

"काय गं रोहिणी, औषधाला घड्याळ कळतंय व्हय?"

रोहिणीताईंचे डोळे भरले. "पाहुण्यांसमोर सगळे बरं हाय म्हणतात, सर. माझ्या लक्षातच आलं नाही. पाच महिन्यांचं काम..."

"लपवू नको. हे असं झालं, हे लिही. परवानगी देणाऱ्या समितीला कळव, वेळ बदलून घे, आणि पुन्हा सुरू कर. औषध चुकलं न्हाय. आपली विचारायची वेळ चुकली."

मित्रांनो, स्वतःचं पाच महिन्यांचं काम स्वतःच्या हातानं बाजूला ठेवणारी माणसं मी त्या खोलीत पाहिली.

मग रोहिणीताई झुंबरबाईंच्या उशाशी जाऊन बसल्या.

"आक्का, कीर्तनाला उभ्या राहता तेव्हा देवासमोर खोटं बोलता का?"

"तोंड सांभाळ पोरी!"

"मग या पट्टीवर का?"

झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तीस वरसं सांगत आले, देहाचं दुखणं सोसावं, नाम घ्यावं. आता त्याच माणसांम्होरं मी कण्हले, तर ती काय म्हणतील? सगळं बोलायचंच हुतं म्हणतील."

"तुम्ही सोसाल हो. पण तुमचं शून्य माझ्या कागदावर चढलं. उद्या तो कागद वाचून कुठल्यातरी गावचा डॉक्टर म्हणेल, एवढं औषध पुरतं. आणि एखादी बाई तुमच्यासारखी उशी चावत पडेल. तिला तर नाम घेण्याइतकंही बळ नसेल."

झुंबरबाईंनी मला हातात घेतलं. अंगठ्यानं माझं लाकूड, चिपळी चाचपावी तसं चाचपलं. मी चिपळ्यांची बहीण, हे त्यांना कसं कळणार? पण मला तो अंगठा ओळखीचा वाटला.

पाच वाजले. गणपतराव आले, माणसं आली. रोहिणीताई सगळ्यांना बाहेर थांबायला सांगू लागल्या.

"असू द्यात," झुंबरबाई म्हणाल्या. "त्यांनाच बगू दे."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी मणी उजवीकडे सारायला सुरुवात केली. सारत गेल्या, सारत गेल्या. गणपतरावांचं तोंड उघडं राहिलं. रोहिणीताईंनी मला उलटी केली. ब्याऐंशी.

"लई दुखतंय," झुंबरबाई त्यांच्या त्या दारापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या. "कालबी दुखत हुतं. काल मी खोटं बोलले."

गणपतराव डोळे पुसत डाफरले, "अवो, मग सांगायचं की आक्का! आमी काय परके हाय व्हय?"

जादा औषध गेलं. दुसऱ्या सकाळी मणी बावीसवर होता आणि पाय वाकला. पुरता नाही, पण वाकला. सीताबाईंनी आपल्या डब्यातला लाडू शेजारी सरकवला. "घे. आज खरं बोललीस म्हणून."

काम नव्यानं सुरू झालं. आता विचारायची वेळ साडेचार, पाहुणे यायच्या आधीची. आधीच्या रोग्यांचे पाच वाजताचे आकडे का वगळले, तेही स्पष्ट लिहिलं गेलं.

आणि रामनवमी आली. झुंबरबाईंनी निरोप धाडला होता, "डॉक्टरीणबाई, पट्टीला घेऊन या." म्हणून मी पर्समधून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कीर्तन ऐकलं. झुंबरबाई उभ्या होत्या! चिपळ्या वाजत होत्या, माझ्या सख्ख्या लाकडाच्या जातीच्या, आणि तो आवाज कळसापर्यंत चढत होता. तासभर त्या उभ्या होत्या. मग मध्येच थांबल्या. पेटी थांबली.

"गुडघा दुखाय लागला," त्या सरळ म्हणाल्या. "जरा बसून सांगते."

तीस वर्षांत त्या कधी बसल्या नव्हत्या. मंडपात कुणी कुजबुजलं नाही. एका बाईनं पुढं येऊन पाट ठेवला, झुंबरबाई बसल्या आणि कथा चालू राहिली. बरोबर बाराला, जन्माच्या क्षणी, गणपतरावांनी हात दिला आणि त्या पुन्हा उठल्या. गुलाल उडाला. त्याचा एक कण पर्सच्या फटीतून माझ्या खाचेत येऊन बसला, तो आजही आहे.

पुढं काही महिन्यांनी पाकिटं उघडली तेव्हा 'ब' मिश्रण थोडं जास्त टिकतं असं निघालं. झुंबरबाईंना 'अ' मिळालं होतं. त्या हसून म्हणाल्या, "म्हंजे माझी ब्याऐंशी हिशेबात नसली तरी कुणाच्यातरी कामी आली."

आता वॉर्डात काचेची पाटी आली आहे, तिच्यावर बोट फिरवलं की आकडा आपोआप उमटतो. मी रोहिणीताईंच्या खणात जुन्या चष्म्याशेजारी पडून असते. माझा मणी जरा जड झालाय. त्याचं मला दुःख नाही. पण खण उघडला की अधूनमधून बाहेरचं बोलणं कानावर येतं. कुणीतरी घाईत विचारतं, "कसं आहे?" आणि कुणीतरी म्हणतं, "बरं हाय की."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असं म्हणत असेल. ते ऐकून लगेच उठू नका. गर्दी कमी होऊ द्या, जवळ बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.