एका कानाचा सेट

साइटवर त्याला सगळे दाजी म्हणायचे. तो दाजी होता एकट्या सिग्नलवाल्याचा. पण सिग्नलवाला, म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, वॉकीटॉकीवर दिवसभर "दाजी, खाली... दाजी, अजून खाली" करायचा, आणि ते ऐकून ऐकून इंजिनिअरपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांनी हे नातं परस्पर जोडून टाकलं होतं. क्रेनच्या केबिनमधून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि तळघराच्या भिंतीमागची तर दिसतच नाहीत. तिथं डोळे मेहुण्याचे आणि हात दाजीचे, असा कारभार होता. "दाजींचं बरं आहे," मेहुणा म्हणायचा, "उंटावरून शेळ्या हाकायच्या. शेळी मी."

ती थट्टा आता संपली. सळ्यांचा भारा तळघरात उतरताना कलला आणि मेहुणा भारा नि भिंत यांच्यामध्ये सापडला. तो "थांबा" म्हणाला होता, हे खालच्या दोन्ही फिटरांनी शपथेवर सांगितलं. एकदा नाही, वॉकीटॉकीचा सेट तोंडाशी धरून ओरडून ओरडून म्हणाला. भारा थांबला, पण तोवर त्या थांबण्याला काही अर्थ उरला नव्हता.

दाजी चौकशीत एकच सांगत राहिला: आवाज मला उशिरा आला. शेवटचा "थांबा" तेवढा ऐकू आला, आणि तो येताच मी ब्रेक मारला. यावर साइट काय म्हणाली? नाचता येईना अंगण वाकडं. माणूस मेला की आपल्या लोकांना म्हणी फार सुचतात. हात जड झालाय म्हाताऱ्याचा, आता सेटच्या डोक्यावर खापर फोडतोय, असं त्याच्या पाठीमागे आणि पुढेपुढे तोंडावरही बोलू लागले. क्रेन चालवायचा परवाना जाणार हे तर उघडच होतं.

परवान्याचं दुःख तो गिळू शकला असता. बायकोचं गिळता येत नव्हतं. ती याच साइटच्या गेटवर रखवालीला होती. सकाळी सेट वाटायचे, संध्याकाळी गोळा करून चार्जिंगला लावायचे, हे काम तिचं. त्या भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याचं सगळं उरकल्यापासून तिनं नवऱ्याला 'अहो' म्हणणं सोडलं. ताट ठेवायची आणि भिंतीकडे बघून "वाढलंय" म्हणायची. सरळ बोलली ती एकदाच.

"सेट तपासून घ्या. सेटनं दगा दिला असेल तर मी तुमच्या पाया पडेन. आणि नसेल दिला, तर मला तुमच्याबरोबर राहता यायचं नाही."

म्हणून आज साइट ऑफिसात सेटवाल्या कंपनीचा कारागीर आला होता. नाक ओढत बोलणारा, सर्दीनं हैराण झालेला माणूस. त्यानं दाजीचा सेट टेबलावर घेतला, उलटापालटा केला, आणि तपासायची साधी रीत सांगितली. "मी इथं खिडकीत उभा राहतो. तुम्ही त्या खडीच्या ढिगापाशी जा. बटण दाबून बोलायला लागलो की मी हात वर करीन. आवाज आला की तुम्ही करा. दोघांचे हात बरोबर वर गेले, तर सेट चांगला."

दाजी कानात प्राण आणून उभा राहिला. खिडकीत हात वर गेला, कानात "येतंय का" आलं, दाजीचाही हात वर गेला. पुन्हा, आणि पुन्हा. कारागिरानं बोलावून बॅटरी बदलली, कानातली वायर बदलली, बॅटरी वाचवायला सेट मधूनमधून डुलकी काढतो ती सोय बंद केली. खडीचा ढीग, हात वर, हात वर. दोन्ही हात मेले बरोबरच उठत होते. आवाज उशिरा यावा म्हणून माणसानं देवाची करुणा भाकावी, अशी वेळ शत्रूवरही येऊ नये.

मग खिडकीत हात वर गेला आणि दाजीच्या कानात बायको बोलली. "वाळूचा ट्रक आत सोडतेय. मागच्या बाजूला लावून घ्या. ड्रायव्हर नवीन आहे, कुणीतरी पुढं व्हा." खिडकीतला हात तसाच वर होता. कारागिराचे ओठ हलत होते. बायकोचं बोलणं संपलं, कान किंचित रिकामा राहिला, आणि मग कुठं "...येतंय का?" एवढं शेपूट आलं. तेव्हा दाजीचा हात वर गेला.

"सापडला!" कारागीर खिडकीतूनच ओरडला. दाजी पळत आला तसा त्यानं त्याच्या हातातला सेट ओढून घेतला, पडद्यावर पाहिलं आणि तो नाचवायला लागला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अहो, तुमच्या सेटवर गेटचा चॅनल कशाला लावलाय?"

"दोन्ही ऐकू यावं म्हणून."

"दोन्ही नाही येत हो. सगळ्यांना तसंच वाटतं. हा या चॅनलवरून त्या चॅनलवर उड्या मारत बसतो, आणि जिथं आवाज सापडेल तिथं चिकटतो. गेट बोलत असेल तोवर, आणि त्यानंतरही थोडा वेळ, इकडच्या माणसानं कितीही बोंब मारली तरी याला पत्ता नाही." त्यानं नाक ओढलं. "सेटला कान एकच असतो."

दाजी खुर्चीवर बसला. हसावं असं त्याला वाटलं होतं, तेवढ्यात त्याला तो दिवस आठवला.

त्या दिवशी लेक तापानं फणफणली होती. केबिनमध्ये मोबाइल न्यायला बंदी. घरी दाजीची आई होती, ती गेटवर फोन करणार होती. बायकोनं सकाळी सेट हातात देताना त्याचं बाजूचं बटण दाबून धरलं. "आता माझंही ऐकू येईल तुम्हाला. काही कळलं की सांगते." सेटवर घरचं बोलणं सापडलं तर गेटवरची नोकरी जाते, म्हणून चौकशीत तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. त्याचा आवाजाच्या उशिराशी काही संबंध असेल असं त्याला वाटलंही नव्हतं.

भारा तळघराच्या तोंडाशी होता तेव्हा ती बोलली होती. "अहो, ताप उतरला. दूध प्यायली, आता बाहुली घेऊन बसलीय. तुम्ही जेवून घ्या वेळेवर." काय बरं वाटलं होतं त्याला! आणि क्रेनवरचा नियम असा, की भारा खाली जाताना सिग्नलवाल्यानं बोलत राहायचं, बोलणं थांबलं की हातानं थांबायचं. इतक्या वर्षांत तो नियम डोक्यातून हातात उतरला होता. हाताला माणूस कळत नाही, चालू आवाज कळतो. कानात आवाज चालू होता. हात भारा सोडत राहिला.

"आता मला एवढंच सांगा," कारागीर म्हणाला, "त्या वेळी गेटवरून कुणी बोलत होतं का? असेल तर मिटलंच. तुम्ही सुटलात."

खिडकीतून गेट दिसत होतं. वाळूचा ट्रक वळत होता आणि बायको दोन्ही हात हलवून ड्रायव्हरला मागे, अजून मागे, असं दाखवत होती. भावानंच शिकवले होते तिला ते इशारे.

"नाही," दाजी म्हणाला.

"नीट आठवा."

"कुणी नव्हतं."

"म्हणजे कानात शांतता होती?"

"हो."

"शांतता झाली की भारा थांबवायचा, हा नियम तुमचाच ना?"

"आमचाच."

"मग?"

"नाही थांबवला."

कारागिरानं सेट टेबलावर ठेवला. "आणि हा गेटचा चॅनल कुणी चालू केला?"

"मीच. तो बंद करून टाका आता."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, हे त्याला आज कळलं. पण बुक्क्या त्यानं स्वतः मागून घेतल्या होत्या, आणि त्या दुसऱ्या कुणाला देण्यासारख्या नव्हत्या. सेट घेऊन तो गेटवर गेला. बायको चौकीच्या दारात उभी होती. पदर तिनं मुठीत धरला होता.

"काय निघालं?"

"सेट चांगला आहे."

तिची मूठ सुटली नाही. "त्या दिवशी मी बोलले ते ऐकू आलं होतं ना? तापाचं?"

"आलं होतं. शब्द न् शब्द."

"मग माझ्या भावाचंच तेवढं कसं आलं नाही?"

"तेही आलं असेल. माझंच ध्यान नव्हतं."

तिनं सेट घेतला, चार्जरवर बसवला, दिवा लागला की नाही ते वाकून पाहिलं. वळली तेव्हा तिचा चेहरा भिजला होता.

"अहो," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली. "सेट बिघडला होता म्हणायचंत. मी मानलं असतं. एवढं एक खोटं नाही बोलता आलं तुम्हाला माझ्यासाठी?"

"नाही आलं," दाजी म्हणाला. तिनं फाटक उघडून धरलं आणि तो बाहेर पडला.