चौथ्याच्या जागी सुपारी

आमच्या घरात कुठे जायचं ठरलं की आधी माणसं मोजतात, मग पोळ्या. रविवारी एका दिवसात काटोलला जाऊन यायचं ठरलं तेव्हाही आईने बोटं मोजली. माझा धाकटा भाऊ ऋषिकेश, ज्याच्यासाठी मुलगी पाहायची होती तो, बाबा, आणि ती स्वतः. तीन झाले आणि तिचं तोंड उतरलं. तीन तिघाडा, काम बिघाडा. चांगल्या कामाला तिघांनी जाऊ नये, हे तिच्या हाडात मुरलेलं.

मी तिच्या समोरच बसून लसूण सोलत होते. चौथं माणूस शोधत तिची नजर घरभर फिरली, माझ्यावरूनही फिरली, पण थांबली नाही.

तीन वर्षं झाली, मी माहेरीच आहे. सासर का सोडलं ते उगाळत बसत नाही. ज्यांना समजायचं होतं त्यांना समजलं. हुडकेश्वरला एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये बायकांना गाडी शिकवते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबते. आईच्या मते मागच्या वर्षी ऋषिकेशचं वर्ध्याचं स्थळ माझ्यामुळे मोडलं. "मोठी घरीच असते का?" एवढंच त्या लोकांनी विचारलं, आणि पुन्हा फोन केला नाही. म्हणून या वेळी तिने मुलीच्या वडिलांना, काटोलच्या बाबनरावांना, परस्पर सांगून टाकलं होतं की आमची कामिनी पुण्याला सासरी असते, सुखात आहे. मला संताप आला. पण खरं ऐकल्यावर लोक काय करतात हे मीही पाहिलं होतं, म्हणून दात-ओठ खाऊन गप्प राहिले.

तर घरात गाडी शिकवणारी बाई बसलेली, आणि गाडी ठरली भाड्याची, ड्रायव्हरसकट. ऋषिकेशला सात सीटांचीच हवी होती, कारण बाबनराव संत्र्याचे मोठे व्यापारी, त्यांच्या दारात छोटी गाडी शोभणार नाही. सात सीटा, जाणारे तिघे, आणि मला जागा नाही. आठवडाभर घरात कोणाचा पाय ठरत नव्हता. ऋषिकेश धरमपेठेतल्या गाडीवाल्याला सारखा फोन लावायचा, पांढरी पाठवा म्हणायचा, मग फोन ठेवून पुन्हा लावायचा. आई साडी काढायची, ठेवायची. कळमेश्वरच्या आत्याकडे वाटेत थांबायचं का, यावर दोन संध्याकाळी गेल्या. थांबलं तर चहावर भागणार नाही, पोहे होणार, दुपार होणार. न थांबलं तर आत्या लग्नात रुसणार. बाबा या सगळ्यात एक अक्षर बोलले नाहीत. आईचा मला इतका राग येत नव्हता जितका बाबांच्या त्या गप्प बसण्याचा येत होता. मी उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत होते.

ड्रायव्हर धरून चौघं होतात की, असं ऋषिकेशने सुचवून पाहिलं. आईने ते उडवून लावलं.

"ड्रायव्हरले मोजत नसते. जो आत जाऊन बसते, त्याले मोजाचं."

मग चंपतकाकांना विचारलं. ते तयार झाले, नवीन सदराही शिवून घेतला, आणि शनिवारी त्यांचा गुडघा सुजला. आईने देवघरातून एक सुपारी काढली, हळदीकुंकू लावून रुमालात बांधली. झाले चार.

आमच्याकडे सुपारी कोणाचीही जागा घेते. मूर्ती नसली की सुपारीचा गणपती होतो. बायको नसलेला माणूस पूजेला बसला की कमरेला सुपारी लावतो. हे मी लहानपणापासून पाहत आले. पण जी माणसं नसतात त्यांच्यासाठी असते ना ती? मी तर धडधडीत होते. त्या रुमालाकडे पाहून मला इतकं रडू आलं की मी गच्चीवर निघून गेले.

रविवारी गाडी दारात आली ती मालकच घेऊन आला. ड्रायव्हर तापाने फणफणलाय, बदली कोणी मिळत नाही, घरात चालवणारं कोणी असेल तर गाडी न्या, म्हणाला. तिकडे काटोलला स्वयंपाक सुरू झालेला. ऋषिकेशने माझ्याकडे पाहिलं. आईने बरंच इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी तिनेही माझ्याकडेच पाहिलं.

मी निघाले. बाबा पुढे माझ्या शेजारी, मागे आई आणि ऋषिकेश. आईच्या सूचना थांबत नव्हत्या. त्यांच्या घरापासून लांब गाडी लाव. उतरू नको. जेवण डब्यात आणून देऊ. कोणी विचारलंच तर भाड्याच्या गाडीवाल्याकडची आहे म्हण. काटोल नाका मागे पडला, शहराची गर्दी विरळ झाली. आरशात पाहिलं तर आई सीटवर रुमाल उघडून सुपारी नीट ठेवत होती, आपल्या शेजारी, जागा करून.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं वं?" आईने विचारलं.

"आई, गाडीत किती जण आहो आपण?"

"तीन. अन् सुपारी."

"अन् मी?"

"तू त गाडी चालवून राहिली."

तिने ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. तिला ते खरंच तसं वाटत होतं, म्हणून जास्त लागलं. मी किल्ली काढून हातात घेतली आणि सांगितलं, मला मोजत असाल तर पुढे नेते, नाहीतर इथून बस मिळते. ऋषिकेशने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. ट्रक बाजूने जायचा तेव्हा गाडी हलायची. मला वाटलं, उतरून चालत सुटावं.

बाबा मागे वळले.

"थे सुपारी दे इकडं."

आईला वाटलं ते पुढे ठेवणार असतील. तिने दिली. बाबांनी खिशातून आपला नेहमीचा अडकित्ता काढला, सुपारी कडकन फोडली. हळदीकुंकवाची सुपारी! आईचा हात तोंडावर गेला. बाबांनी पहिली फोड माझ्या हातावर ठेवली, एक ऋषिकेशला दिली, एक स्वतः तोंडात टाकली, आणि चौथी मागे आईपुढे धरली.

"सुपारी सरली," ते म्हणाले. "आता मोज."

आईने फोड घेतली नाही. बाबांचा हात तसाच राहिला. ती खिडकीबाहेर पाहत बसली, नाक ओढत. मग तिने बाबांच्या हातातली फोड उचलली आणि मला म्हणाली,

"वढणी नीट घे. आत गेल्यावर सगळे तुलेच पाहतीन."

मी ओढणी सारखी केली. किल्ली परत लावली.

"अन् पुण्याचं काही विचारलं," आई म्हणाली, "त तू बोलू नको. खोटं मी बोलली, मीच सांगन."