मी बाटली

“फ्राउ ब्रांट, अहो, ही बाटली ती बाटली नव्हे!” कुंदाताई भिंतीवरच्या फलकापुढे जवळजवळ ओरडल्याच.

फलकावर हातभर जर्मन अक्षरं होती: ‘मी एक पात्र आहे. दार उघड.’ खाली काचपेटीत, मिशनच्या शाळेत ख्रिस्ती झालेल्या येसूचं दीडशे वर्षांपूर्वीचं मोडी पत्र. पेटीवर, शोभेला, एक जुनी निळी बाटली.

कुंदाताईंचे वडील पुण्यात सरकारी दफ्तरात मोडी वाचत. त्यांनीच लेकीला ती शिकवली, आणि त्या विद्येवर बासष्टाव्या वर्षी कुंदाताईंना बर्लिनच्या ह्या छोट्या मिशन संग्रहालयात अर्धवेळ काम मिळालं. पत्र त्यांनी देवनागरीत उतरवून दिलं. भाषांतर करारात नव्हतं, ते ऑफिसने मशीनकडून करून घेतलं. पत्रातल्या ‘मी बाटली’ची मशीनने सरळ पाण्याची बाटली केली, आणि संग्रहालयाच्या प्रमुख फ्राउ ब्रांट भारावून गेल्या. ईश्वरी कृपेने भरलेली बाटली! त्यांनी तिचं ‘पात्र’ करून टाकलं.

“बाटली म्हणजे धर्म बुडाला तिचा,” कुंदाताई म्हणाल्या. “घरात घेत नाहीत तिला. आईला सांगतेय, दार उघड.”

“आल्झो... म्हणजे, पोस्टरं छापून झालीत,” फ्राउ ब्रांट म्हणाल्या. “आणि अर्थ किती सुंदर लागलाय!”

कुंदाताईंना शिसारी आली. ते पत्र आईला पोचलंच नव्हतं. पाद्रीसाहेबाने ते ठेवून घेतलं आणि ‘श्रद्धा आणि बुद्धी दोन्ही जाग्या झाल्याचा नमुना’ असा शेरा मारून जर्मनीला धाडलं. पोरीचं रडणं, आणि ह्यांना तो नमुना!

प्रदर्शनाच्या उद्घाटनात बर्लिनच्या मराठी मंडळाचाही वाटा होता. कुंदाताईंनी मंडळाच्या अध्यक्षाला, हृषिकेशला, फोन लावला.

“गेनाऊ, अगदी बरोबर, कुंदाताई! मिशनऱ्यांना उघडं पाडा, मी फुल सपोर्ट करतो,” तो म्हणाला. “पण ते बाटलीबिटली नको. घरच्यांनीच दार लावलं, हे जर्मन लोकांना कशाला सांगायचं? आपलीच शोभा होते.”

“म्हणजे अर्धं पत्र त्यांनी गिळायचं, अर्धं तुम्ही?”

एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. कुंदाताईंनी फोन आपटला.

उद्घाटनाला फ्राउ ब्रांटनी त्यांना पत्र मराठीतून वाचायला सांगितलं. अर्थ नको, नुसता नाद ऐकवा म्हणाल्या. कुंदाताईंनी चष्मा पुसला.

“‘आई, मी लिहायला शिकले. साहेब सांगतात, ग्रहण राहूमुळे लागत नाही, सावलीमुळे लागतं. मला पटलं. तेच साहेब प्रार्थनेत सांगतात, तू नरकात जळशील. ते पटत नाही. परवा दारात आले, तर काकांनी माझ्या पावलांवरून शेणपाणी शिंपडलं. तू आत होतीस. तुझ्या बांगड्या वाजल्या. मी बाटली. तरी तुझीच येसू आहे. दार उघड.’”

जर्मन पाहुण्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मराठी रांगेत एकही हात हलला नाही. हृषिकेश बुटांकडे बघत राहिला.

कुंदाताईंनी पेटीवरची निळी बाटली उचलली आणि कोपऱ्यातल्या वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत नेऊन ठेवली. पेटीत पत्र तेवढं राहिलं.