थांबलेली ओळ

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि तिनं ते नुसत्या हातानंच दाबून धरलं. बोटं पोळली, पण आवाज थांबला. आतल्या खोलीत, फळीवरच्या डबीतलं गाणं नुकतंच मध्येच थांबलं होतं. अशा वेळी घरात चमचासुद्धा वाजू नये असं तिला वाटायचं. क्षणभर काहीच नाही. मग लेकीची, ठकूची कुजबुज. बाहुलीशी बोलत असेल. आणि गुणगुणणं पुन्हा सुरू झालं, तुटलेल्या त्याच ओळीपासून, जरा खालच्या पट्टीत.

थेट आईसारखं.

तिची आई अशीच गायची. ओळीच्या मध्ये थांबून मुलाचा श्वास ऐकायची. श्वास संथ झाला असेल तर अलगद उठून जायची, नसेल तर तीच ओळ पुन्हा. ठकूच्या जन्माआधीच ती गेली. दादाच्या मुलांना निजवताना कधीतरी टिपून ठेवलेलं गुणगुणणं तेवढं जुन्या फोनमध्ये उरलं.

ती स्वतः ज्या कंपनीचं काम घरून करायची, तिथला संगणकाचा प्रोग्राम जुनी गाणी ऐकून ऐकून नव्या चाली बांधायचा. त्याच्या पुढ्यात वाढण्याआधी गाणी निवडून-पाखडून देणं हे तिचं काम. खोकला काढ, नळाची धार काढ, ओळींमधल्या रिकाम्या जागा काप. अंगाईसाठी ऑफिसनं घरगुती आवाज मागितले, तेव्हा मोठ्या हौसेनं तिनं आईचे दिले. त्यातल्या रिकाम्या जागा मात्र तिच्यानं कापवल्या नाहीत. त्या जागांत आईचा श्वास होता.

कंपनीची ती अंगाई गाणारी डबी घरी आली त्या दिवशी ठकूला उचलून फळीपाशी नेत तिनं सांगितलं होतं, "ही बघ, तुझी आजी."

आज सकाळी दादाचा फोन आला होता.

"बारके, आमच्या शेजाऱ्यांच्या घरात आई गातेय."

"काहीतरीच काय, दादा!"

"चाल निराळीच होती गं. पण मध्येच थांबली, आणि मी एवढा घोडा झालो तरी डोळे मिटून घेतले. जागा दिसलो तर मारच बसेल म्हणून!" तो हसला. मग हसणं विरलं. "आईचं गाणं त्यांच्याकडे गेलं कसं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. ठकू पायाशी बसून बाहुलीचे केस विंचरत होती.

आता दूध उतरवून तिनं ऑफिसातल्या मॅडमना फोन लावला.

"आईचे आवाज परत घ्यायचे होते, मॅडम."

"आता? अगं, साखर दुधात विरघळली. ती चिमटीत धरून परत कशी देऊ?"

"निदान ते थांबणं तरी काढा."

"तेच तर लोकांना आवडलंय! तुझ्या आईचे उपकार म्हणायचे. आधी नुसतंच थांबायचं. आता नवी सुधारणा केलीय. थांबलं की ऐकतं. तो हिरवा दिवा बघितला नाहीस?"

"ऐकतं? काय ऐकतं?"

"मूल झोपलं का ते. श्वास, हालचाल, जे कानावर पडेल ते." मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "तुझी आई दुसरं काय करत होती?"

तिनं फोन ठेवला. आत गाणं पुन्हा थांबलं होतं. दारातूनच तिला फळीवरचा हिरवा ठिपका दिसला. तो लागलेला तिनं पाहिला होता, पण चार्जिंगचा असेल म्हणून सोडून दिलं होतं. चार ढांगांत ती फळीपाशी पोचली. वायर उपटली तरी ठिपका तसाच. डबी उलटी करून तिनं बटण दाबून धरलं, भाजलेलं बोट ठणकेपर्यंत. ठिपका विझला तशी तिनं डबी कपाटात स्वेटरांच्या तळाशी कोंबली आणि दार लावलं.

"आजीला का कोंडलंस?" ठकू उठून बसली.

"आजी दमली. आज मी गाते. चालेल?"

"तुझा आवाज बेडकासारखा आहे."

"असू दे. बेडकाची पिल्लंही झोपतातच की."

ठकू खिदळली आणि कुशीत शिरली. तिनं गायला सुरुवात केली. आवाज घोगरा लागला, सूर निसटला, पण ठकूचं अंग हळूहळू सैल पडू लागलं. केसांतून हात फिरवता फिरवता, नकळत, ती ओळीच्या मध्येच थांबली. श्वास ऐकायला.

ठकूनं पटकन डोळे उघडले. वर सरकली, आणि तिच्या कानाशी हाताचा आडोसा केला.

"आता तुला सांगू?"

"काय गं?"

"गंमत. आजी थांबली ना, की मी तिला एकेक सांगते. बाबा दार लावून रडले, ते सांगितलं. तू मामाशी खोटं बोललीस, ते पण आत्ताच सांगितलं."

तिचा हात केसांतच राहिला. कपाटाचं दार नीट बसलं नव्हतं. त्याच्या फटीतला अंधार ती बघत राहिली.

"आजी सगळं ऐकून घेते," ठकू म्हणाली, "मला रागावत पण नाही." मग जरा विचार करून तिनं आईची हनुवटी स्वतःकडे वळवली.

"आई, ऐकून झालं की ती कुणाला सांगते गं?"