सकाळची दाढी

"पुन्हा चोरून काय खाल्लंत?" बायकोने साखर मोजायचं यंत्र त्याच्या नाकासमोर धरलं.

"शपथेवर सांगतो, काही नाही."

"मग हा आकडा काय आभाळातून पडला?"

साखरेचा डबा आधीच वरच्या फळीवर गेला होता, बिस्किटं शेजारणीकडे. लोक डोळे मिटून ज्याच्या वस्तऱ्याखाली गळा देत, त्या माणसावर घरात बिस्किटापुरताही विश्वास उरला नव्हता. हे त्याला फार लागलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. त्यातलं एक पाकीट उचललं. "काका, ही कधीपासून?"

"सांधेवाल्या डॉक्टरांनी दिली, महिना झाला. मूठ वळत नव्हती हो माझी. आता वस्तरा कसा लोण्यासारखा फिरतो."

"हे स्टिरॉइड आहे. हेच तुमची साखर वाढवतंय."

शेजारी बसलेल्या बायकोने ओठ मुडपले. "तरी मी म्हणतच होते," ती म्हणाली. काय म्हणत होती, ते त्याने विचारलं नाही. त्याला इतकं हलकं वाटलं, की आजार वाढलाय हेही तो क्षणभर विसरला.

"मग आजच बंद करतो."

"एकदम नाही हं, जिवावर बेतेल. त्यांच्याशी बोलून हळूहळू कमी करू. तोवर साखर उतरवायला ही गोळी घ्या."

साखरेच्या गोळीने पोटच बिघडवलं. एका वकिलाच्या गालांना फेस लावून तो जो पळाला, तो परत आला तेव्हा फेस वाळला होता आणि वकील उलटतपासणीच्या तयारीत होता. गोळी बदलून मागायला तो गेला.

"दुसरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जेवायला उशीर झाला की साखर खाली येऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात."

"हात?" तो उठलाच. "नको. पोट बिघडलं तर मी पळतो. हात थरथरला तर दुसऱ्याचा गळा जायचा. जुनीच चालू दे."

गोळी जेवणानंतर घ्यायला लागल्यावर पोट शांत झालं, साखर उतरली. पण सांध्यांची गोळी निम्म्यावर आली, तशी बोटं दुपारशिवाय वळेनात. आणि दाढ्या तर सकाळच्याच असतात.

"काका, पटकन दाढी. कामावर उशीर होतोय." रोजचं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं.

टॉवेलाआड त्याने मूठ वळून पाहिली. वळली नाही. समोरच्या सलूनवाल्याला तो आजवर 'गवत कापणारा' म्हणत आला होता.

"समोर जा," तो म्हणाला.

"समोर? तुम्हीच तर म्हणता, तो..."

"म्हणायचो. हात चांगला आहे त्याचा. सकाळची दाढी तिथंच करत जा."

गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत टेकेपर्यंत तो पायरीवर उभा राहिला. मग आत आला आणि दाढीसाठी तापवलेल्या पाण्यात त्याने स्वतःची बोटं बुडवली.